एका शब्दनगरीचा राज्यकारभार

इतिहास म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें तख्तें, तह, लढाया आणि दुष्काळ उभे राहतात. निदान आम्हां जुन्या वळणाच्या अध्यापकांच्या डोळ्यांपुढें तरी राहतात. ज्या नगराला एक वीटहि लागली नाहीं, ज्याच्या रस्त्यांवर कोणाचें पाऊल कधीं वाजलें नाहीं, आणि ज्याचे बहुतेक रहिवासी एकमेकांस जन्मांत भेटले नाहींत, अशा नगराचा इतिहास लिहितां येईल व तो लिहिण्याजोगा असेल, असें मला पूर्वीं कोणी सांगितलें असतें तर मीं तें हंसण्यावारीं नेलें असतें. परंतु माझ्या बहिणीचा मुलगा सुट्टींत आमच्याकडे राहावयास आला, आणि त्याच्या नादानें मी या विषयांत शिरलों. हा मुलगा संगणकावरील खेळांचा शौकी. पण सारें जग जे खेळ खेळतें त्यांकडे तो ढुंकूनहि पाहत नाहीं. जे खेळ लोक विसरले, ज्यांचे कर्ते म्हातारे झाले, ज्यांत चित्र नाहीं कीं आवाज नाहीं, असले खेळ हुडकून काढण्यांत त्याला आनंद. जुनीं दप्तरें धुंडाळणारा मनुष्य कसरीनें खाल्लेल्या कागदावर जसा जीव टाकतो, तसा हा. त्यामुळें आमचें दोघांचें लवकर जमलें.

एके रात्रीं जेवणें झाल्यावर बोलणें आजकालच्या इंटरनेटवरील शिवीगाळीवर आलें. मीं माझें नेहमींचें मत सांगितलें कीं, जेथें माणसाचें तोंड दिसत नाहीं, नांव खरें नाहीं, गांव ठाऊक नाहीं, तेथें नीतीला थारा कसा मिळावा? भाचा म्हणाला, "मामा, हा प्रश्न तीस वर्षांपूर्वीं एका घरांत सुटतां सुटतां राहिला. तें घर तुम्हांला दाखवूं का?"

त्यानें संगणकावर एक पत्ता लिहिला. काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें उमटलीं. आपण कोट ठेवण्याच्या एका अंधाऱ्या कपाटांत दाटीवाटीनें उभे आहोंत, आणि कमरेच्या उंचीवर दाराची मूठ हाताला लागते आहे, अशा अर्थाचीं तीं वाक्यें होतीं. भाच्यानें 'बाहेर' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहितांच अक्षरांनीं दुसरी जागा रचली : मोठा उजेडाचा दिवाणखाना, ओबडधोबड दगडांची शेकोटी, समोरासमोरच्या दोन भिंती व्यापणारीं पुस्तकांचीं कपाटें, कांचेच्या मोठ्या खिडक्यांतून दिसणारा पोहण्याचा तलाव. सारेंच शब्दांचें. या घराचें नांव लॅम्डामू. घर म्हणतों खरें, पण एके काळीं हजाराहून अधिक लोक त्यांत राहत होते, आणि त्यांनीं त्याला खोल्या, बागा, भुयारें, आकाशांतील बेटें इतकीं जोडलीं कीं त्याला नगरीच म्हणणें प्राप्त आहे. या नगरीनें अवघ्या थोड्या वर्षांत एकतंत्री राज्य, अराजक, लोकमताचें राज्य आणि पुन्हा एकतंत्री राज्य असा सारा फेरा पुरा केला. युरोपच्या इतिहासांत ज्याला शतकें लागलीं तें येथें एका विद्यार्थ्याच्या कॉलेजांतील मुक्कामांत उरकलें. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

तिचा वंश सांगावयाचा तर एका गुहेपासून आरंभ करावा लागतो. अमेरिकेंत केंटकी प्रांतांत मॅमथ नांवाची प्रचंड गुहा आहे. विल क्रौदर हा संगणकतज्ज्ञ आणि त्याची पत्नी या गुहेंत उतरून तिचे नकाशे काढणाऱ्या मंडळींपैकीं होतीं. पुढें पतिपत्नी विभक्त झालीं. १९७५–७६ च्या सुमारास क्रौदरनें आपल्या मुलींच्या करमणुकीसाठीं त्या गुहेचें शब्दचित्र संगणकांत उतरविलें : संगणक वर्णन सांगणार, मुलगी 'उत्तरेस जा', 'दिवा घे' असें लिहिणार, आणि संगणक पुढची जागा उलगडून दाखविणार. १९७७ मध्यें स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यानें हा खेळ वाढविला, आणि तो एका संगणकावरून दुसऱ्यावर असा पसरत गेला. दुरावलेल्या बापानें मुलींसाठीं रचलेली ही गुहा या सर्व प्रकाराची गंगोत्री होय.

परंतु या गुहेंत मनुष्य एकटा होता. त्याला पडणारीं कोडीं वस्तूंचीं होतीं, माणसांचीं नव्हतीं. दुसरा मनुष्य आंत शिरला तो इंग्लंडांत. १९७८ सालीं एसेक्स विद्यापीठांतील रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें एकाच वेळीं अनेकांस संचार करतां येईल अशी शब्दभूमि रचावयास घेतली, आणि १९८० च्या सुमारास तें काम त्याच्याच विद्यापीठांतील रिचर्ड बार्टल यानें हातीं घेऊन पुरें केलें. 'मड' हें तिचें नांव. पुढें या जातीच्या सर्वच खेळांस तें पडलें. येथें खेळाडूनें ठरीव गुण मिळविले कीं तो मांत्रिक होई. मांत्रिकाला अदृश्य होतां येई, दुसऱ्याच्या पडद्यावर काय चाललें आहे तें चोरून पाहतां येई, नुसतें बोट दाखवून दुसऱ्याचें पात्र मारतां येई. बार्टल यानें पुढें सांगितलें आहे कीं, इंग्लंडांतील जन्मसिद्ध उच्चनीचतेचा त्यांना वीट होता, म्हणून मनुष्य आपल्या करणीनें वर चढतो असें जग त्यांनीं मुद्दाम रचलें. हेतु उत्तम, यांत शंका नाहीं. मात्र वर चढलेल्याच्या हातीं काय द्यावें याचा विचार त्यांनींहि राजेलोकांप्रमाणेंच केला, हें इतिहासकाराच्या नजरेंतून सुटत नाहीं.

याच बार्टलनें १९९६ सालीं खेळाडूंचे चार वर्ग पाडून त्यांस पत्त्यांच्या रंगांचीं नांवें दिलीं. चौकट म्हणजे गुण व धन जमविणारे, इस्पिक म्हणजे खणून शोध घेणारे, बदाम म्हणजे संगतीसाठीं येणारे, आणि किलवर म्हणजे दुसऱ्यास सोटा हाणण्यांतच सुख मानणारे. माझा भाचा स्वतःस इस्पिक म्हणवितो. मीं त्याला विचारलें कीं, किलवरवाले आपणांस किलवर म्हणवितात काय? तो हंसला; पण ही वर्गवारी मला वाटली तितकी हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, हें पुढें दिसून येईल.

मधल्या काळांतील एका नगरीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. तिचें नांव हॅबिटॅट. ती चित्रांची होती. १९८६ सालीं लुकासफिल्म कंपनीच्या चिप मॉर्निंगस्टार व रँडी फार्मर यांनीं ती कॉमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठीं प्रयोगादाखल उघडली. नगरींतील प्रत्येकाच्या सोंगाला त्यांनीं शब्द योजिला तो आमचा 'अवतार'. जो शब्द भगवंतासाठीं राखलेला, तो असा पडद्यावरील बाहुल्यांना लागला आणि तेथून साऱ्या जगभर गेला. या दोघांनीं आपले अनुभव १९९० सालीं निबंधरूपानें लिहून ठेविले आहेत व ते मोठे मनोरंजक आहेत. एका सकाळीं त्यांस आढळलें कीं नगरींतील पैसा रातोरात पांचपट झाला आहे. कारण काय, तर एका दुकानांत जी वस्तु स्वस्त मिळे तीच दूरच्या दुसऱ्या ठिकाणीं महाग विकतां येत असे, आणि कांहीं चतुर रहिवाशांनीं रात्रभर खेपा घातल्या होत्या. लोक एकमेकांस लुटूं व मारूं लागले तेव्हां, प्रत्यक्षांत ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा पुरोहित असलेल्या एका रहिवाशानें तेथें मठ काढला. शस्त्र बाळगणार नाहीं, चोरी करणार नाहीं अशी शपथ त्याच्या शिष्यांस घ्यावी लागे.

त्या निबंधांतील एक गोष्ट माझ्या विशेष मनांत राहिली. एका खेळांत चालकांपैकीं एक जण यमाचें सोंग घेई व त्याच्यापाशीं एका गोळीनें ठार करणारी बंदूक असे. त्याच्या गैरसावधपणाचा फायदा घेऊन रहिवाशांनीं यमालाच मारलें आणि बंदूक लांबविली. चालक संतापला, बंदूक परत न कराल तर नगरींतूनच घालवून देईन, अशी त्यानें धमकी दिली, आणि ती मिळविली. पुढें पुन्हा असाच प्रसंग आला तेव्हां मात्र चालकांनीं वेगळी रीत धरली. त्यांनीं बंदुकीसाठीं दहा हजार नाणीं खंडणी देऊं केली, आणि भर चौकांत, लोकांच्या गर्दींत, तो देवघेवीचा समारंभ पार पडला. दोन्ही वेळां बंदूक परतच आली. पहिल्या वेळीं राजानें तख्तावरून उठून खेळाची भिंतच पाडण्याची धमकी दिली. दुसऱ्या वेळीं त्यानें खेळांत राहून, खेळाच्या मोलानें, तें काम केलें. मांत्रिकाला आपली शक्ति वापरण्याचा मोह किती वेळां आवरतो यावरच अशा नगरींतील सुख अवलंबून असतें असें यावरून मला वाटूं लागलें होतें. लॅम्डामूच्या हकीकतीनें माझें तें मत तसेंच राहूं दिलें नाहीं.

१९८९ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील जेम्स ॲस्पनेस यानें 'टायनीमड' नांवाची शब्दभूमि काढली व तींतून लढाई आणि गुण हीं दोन्ही काढून टाकलीं. राहिलें काय? तर गप्पा मारणें आणि बांधणें. वाटेल त्यानें खोली बांधावी, बाग लावावी. १९९० मध्यें स्टीफन व्हाइट यानें 'मू' नांवाची याहून लवचिक यंत्रणा लिहिली. तींत रहिवाशांस नुसत्या वस्तूच नव्हे, तर वस्तूंचे गुणधर्महि स्वतः लिहितां येत. पॅव्हेल कर्टिस हा झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनसंस्थेंतला संशोधक. त्यानें ही यंत्रणा सुधारली, तिच्या आधारानें कॅलिफोर्नियांतील आपल्या राहत्या घराचा शब्दांत नकाशा काढला, आणि १९९१ च्या फेब्रुवारींत तें घर सर्वांस खुलें केलें. त्यांत त्याचें स्वतःचें पात्र हाकोन या नांवानें वावरे. तो आणि त्याचे थोडे साहाय्यक हे मांत्रिक. बाकी सर्व रयत.

रयतेला येथें काय हवें असे? प्रथम जमीन. अंगच नसलेल्या माणसांच्या गांवीं जमिनीचा प्रश्न कसला, असें वाचकांस वाटेल, मलाहि वाटलें. पण संगणकाची सांठवण अमर्याद नव्हती, म्हणून प्रत्येकास बांधकामासाठीं थोडीच जागा नेमून दिलेली असे, आणि अधिक हवी तर एका मंडळाकडे अर्ज करावा लागे. मग अर्ज, वशिल्याचे आरोप, शेजाऱ्यांचे हेवेदावे, कोणी कोणास दिवाणखान्यांत सतावलें याच्या तक्रारी, सारें मांत्रिकांच्या दारीं येऊं लागलें. नगरी वाढली तसे हे तंटे इतके वाढले कीं कर्टिस आणि त्याचे सोबती जेरीस आले. तेव्हां १९९२ च्या डिसेंबरांत हाकोननें एक जाहीरनामा लिहिला. त्याचा मथितार्थ असा कीं, हा समाज आतां वयांत आला आहे. यापुढें मांत्रिक यंत्राची डागडुजी तेवढी करतील, माणसांच्या भांडणांत न्याय देणार नाहींत. आपला संसार तुमचा तुम्हीं पाहावा.

मीं हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हां मला मोठें कौतुक वाटलें. जबरदस्तीवांचून सत्ता सोडणारे राजे इतिहासांत हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. भाच्याचें मत निराळें पडलें. तो म्हणाला, "मामा, तो राज्य सोडून गेला नाहीं, तक्रारींना कंटाळून दार लावून घेऊन बसला. किल्ल्या त्याच्याच कमरेला होत्या." या मतभेदाचा निकाल पुढील मार्च महिन्यानें लावला म्हणावयास हरकत नाहीं.

१९९३ च्या मार्चमधील एका सोमवारीं रात्रीं दिवाणखान्यांत नेहमींप्रमाणें मंडळी बसली होती. तेथें बंगल नांवाचें एक पात्र आलें. वेष विदूषकाचा, वर्णन किळसवाणें. त्याच्यापाशीं एक प्रोग्रॅम होता, त्याला तेथें करणीची बाहुली म्हणत. या बाहुलीच्या योगानें दुसऱ्याच्या नांवावर वाक्यें खपवितां येत : अमक्यानें अमुक केलें, असें वाक्य सर्वांच्या पडद्यावर उमटे, आणि लिहिणारा असे भलताच. बंगलानें तिच्या साहाय्यानें तेथील कांहीं पात्रांच्या नांवावर असलीं कांहीं घृणास्पद कृत्यें लिहिलीं कीं तीं येथें सांगण्याची गरज नाहीं. बीभत्स व हिंसक अत्याचाराचीं तीं वर्णनें होतीं, आणि ज्यांचीं तीं पात्रें तीं माणसें आपल्या घरीं बसून, हजर असलेल्या सर्वांदेखत, तीं वाचीत होतीं. त्याला दिवाणखान्याबाहेर घालविलें तरी बाहुलीचा अंमल दूरवरून चालूच राहिला. अखेर एका जुन्या रहिवाशानें एका खास बंदुकीनें त्याला अशा पिंजऱ्यांत कोंडलें कीं ज्यांतून बाहुलीची शक्ति बाहेर पोंचत नसे, तेव्हां तो प्रकार थांबला.

वाचक म्हणतील, हे शब्दच ना? मींहि भाच्याला तेंच विचारलें. त्यानें मला त्या रात्रीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें मला एवढेंच विचारलें कीं, तुमच्या नांवानें वर्तमानपत्रांत कोणी घाणेरडें पत्र छापून आणलें तर तुम्हीं 'शब्दच ते' म्हणून गप्प राहाल काय? मी निरुत्तर झालों. त्या नगरींत माणसाजवळ शब्दावांचून दुसरें कांहींच नव्हतें. त्याचें अंग, त्याचें घर, त्याची अब्रू, सारीं शब्दांचींच. ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्यांपैकीं लेग्बा या पात्राची चालक बाई दुसऱ्या दिवशीं सार्वजनिक फलकावर अर्ध्या रागानें, अर्ध्या उपहासानें लिहीत होती, आणि प्रत्यक्षांत, तिनेंच पुढें सांगितल्याप्रमाणें, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें. तिची मागणी होती कीं बंगलाला बेडूक करावें. जुन्या मडांत मांत्रिक अपराध्याला खरोखरच शब्दानें बेडूक करून टाकीत. लॅम्डामूमध्यें त्या शब्दाचा अर्थ झाला होता पात्राचा कायमचा नाश. देहान्त शासनच म्हणाना. आणि तें करण्याची शक्ति होती फक्त मांत्रिकांच्या हातीं, ज्यांनीं तीन महिन्यांपूर्वीं आम्हीं न्याय देणार नाहीं म्हणून लेखी सांगितलें होतें.

तीन दिवसांनीं सभा भरली. तीसएक लोक जमले. या सभेंतील पक्ष पाहिले म्हणजे राज्यशास्त्राच्या वर्गांत आपण सारीं वर्षें काय शिकवितों तें डोळ्यांसमोर चालतें बोलतें दिसतें. कोणी म्हणे, मांत्रिकांस परत गादीवर बसवा. कोणी म्हणे, आधीं कायदा करा, न्यायसभा नेमा, मग शिक्षा बोला. कोणी म्हणे, कायदाच नको, आपण सर्वांनीं मिळून ठरवावें. आणि चौथा पक्ष यंत्रभक्तांचा; त्यांचें म्हणणें, उपद्रवी माणसाचें बोलणें आपल्यापुरतें बंद करण्याची सोय यंत्रांत आहे, ज्याला ऐकावयाचें नसेल त्यानें कान झांकून घ्यावे, म्हणजे झालें. हें शेवटचें मत आजहि फार ऐकूं येतें, म्हणून त्यावर दोन शब्द अधिक लिहितों. माझे कान मीं झांकले तरी इतरांचे उघडेच असतात. भर दिवाणखान्यांत माझ्या नांवाची बाहुली नाचविली जात असतां तिच्याकडे पाठ फिरविली, एवढ्यानें ती नाचायची थांबत नाहीं. उलट माझ्या मागें काय चाललें आहे हें मलाच तेवढें कळत नाहीं. छळाची फिर्याद घेऊन आलेल्यास 'तूं डोळे मीट' म्हणणारा न्याय कोणत्या जातीचा?

सभा चालू असतां स्वतः बंगल तेथें आला. त्यानें कांहींसें थंडपणें सांगितलें कीं, आपण मनोव्यापाराचा एक प्रयोग करून पाहिला, आपल्या प्रत्यक्ष आयुष्यावर त्याचा कांहीं परिणाम नाहीं. मग तो निघून गेला. लोक दमले, एकेक उठून गेले. निर्णय झाला नाहीं. पण त्या सभेस हजर असलेला एक मांत्रिक त्याच रात्रीं एकटा बसून विचार करीत राहिला, आणि मग, कोणास न विचारतां, त्यानें ती आज्ञा दिली. बंगलाचें पात्र नाहींसें झालें.

जें झालें तें योग्य झालें असें माझें मन म्हणतें. परंतु तें न्यायानें झालें असें म्हणवत नाहीं. आमच्या जुन्या गोतसभांच्या महजरांत निकालाखालीं हजर मजालसीचीं नांवें व निशाण्या असत, त्या या निकालाखालीं नाहींत. एका माणसाजवळ किल्ली होती, त्याचें मन द्रवलें, आणि त्यानें कुलूप उघडलें. तें मन दुसरीकडे द्रवलें असतें तर? शिवाय ज्याला शिक्षा झाली तो न्यूयॉर्क येथील एका विद्यापीठाचा विद्यार्थी थोड्याच दिवसांत दुसऱ्या नांवानें नवें पात्र घेऊन पुन्हा त्या नगरींत हिंडूं लागला. देहान्त शासन झालेला मनुष्य कपाटाच्या दारांतून पुन्हा बाहेर येतो, ही अडचण मनूपासून ब्लॅकस्टोनपर्यंत कोणाहि शास्त्रकारास पडली नसेल! पुढें असेंहि उघडकीस आलें कीं त्या रात्रीं कळफलकापाशीं एक मुलगा असला तरी वसतिगृहांतील त्याचे सोबती भोंवतीं जमून काय लिहावें तें सुचवीत होते. म्हणजे बंगल हें एक माणूस नव्हतेंच. तें टोळकें होतें. किलवरवाले एकटे नसतात, हें बार्टलच्या वर्गवारींत लिहून ठेवण्याजोगें आहे.

या सर्व हकीकतीचें मुख्य साधन म्हणजे ज्युलियन डिबेल या पत्रकाराचा लेख. तो न्यूयॉर्कच्या 'द व्हिलेज व्हॉईस' या साप्ताहिकांत १९९३ च्या डिसेंबरांत 'ए रेप इन सायबरस्पेस' या नांवानें प्रसिद्ध झाला. पुढें डिबेलनें या नगरींतील आपल्या वास्तव्यावर स्वतंत्र पुस्तकहि लिहिलें. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथें एक सावधगिरी बाळगावी. डिबेल त्या सभेंत हजर होता, तो त्या नगरींत राहत होता, आणि त्याची लेखणी समर्थ आहे. अशा वृत्तान्ताला आमच्याकडे बखरीचें स्थान आहे. बखर खोटी नसते, पण ती एका बाजूस उभें राहून सांगितलेली असते. अस्सल कागद म्हणजे त्या सभेंतील शब्दन् शब्द. आणि येथें आश्चर्य असें कीं, तें बोलणें ज्या क्षणीं झालें त्याच क्षणीं तें लिहिलेंहि गेलें होतें, कारण लिहिणें हेंच बोलणें. पानिपतच्या आदल्या रात्रीं भाऊसाहेबांच्या डेऱ्यांत काय बोलणें झालें याचा एक ताव मिळावा म्हणून आम्हीं वर्षानुवर्षें दप्तरें चाळावीं, आणि येथें कोणाहि रहिवाशानें मनांत आणलें तर सबंध सभा आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी! असूया वाटली, हें कबूल करतों.

प्रवासाहून परतलेल्या हाकोनला घडलेला प्रकार कळला, तेव्हां त्यानें दुसरा मार्ग काढला. कोणाहि रहिवाशास अर्ज लिहितां यावा. त्याला ठरीव संख्येनें सह्या मिळाल्या व मांत्रिकांनीं तो अमलांत आणण्याजोगा आहे असें सांगितलें कीं त्यावर सार्वत्रिक मतदान व्हावें. विरोधी मतांच्या दुप्पट मतें अनुकूल पडलीं तर मांत्रिकांनीं तो निमूटपणें अमलांत आणावा. उपद्रवी पाहुण्यांस बाहेर काढण्याची सत्ता रहिवाशांस मिळाली ती अशाच मतदानानें. तंटे सोडविण्यासाठीं लवादाची पद्धत आली. रहिवाशांपैकींच जे पुढें येतील त्यांनीं पंच व्हावें. थोड्याच काळांत त्या नगरींत वकिली वळणाचे लोक निपजले, निवाड्यांवर निवाडे झाले, पंचांवर पक्षपाताचे आरोप झाले. हें सर्व कायदेपंडितांनीं गंभीरपणें अभ्यासलें आहे. जेनिफर म्नूकिन यांचा १९९६ मधील निबंध या नगरींतील कायद्याच्या उगमावरच आहे, आणि लॉरेन्स लेसिग यांनीं १९९९ सालच्या आपल्या 'कोड' या ग्रंथांत हिचें उदाहरण घेतलें आहे. लेसिग यांचा मुख्य मुद्दा असा कीं, अशा जगांत यंत्राची रचना हीच कायद्याचें काम करते. करणीची बाहुली बनवितां येते कीं नाहीं, हा प्रश्न न्यायसभेंत येण्यापूर्वींच यंत्रांत सुटलेला असतो.

आणि येथेंच तें राज्य फसलें. अर्ज 'अमलांत आणण्याजोगा' आहे हें कोणी ठरवावें? मांत्रिकानें. जागा किती शिल्लक आहे, यंत्र मंद कां झालें, कोणाचा प्रोग्रॅम काढून टाकावा, हे प्रश्न यंत्राचे कीं समाजाचे? हाकोनच्या जाहीरनाम्यानें या दोहोंमध्यें भिंत घातली होती, पण तशी भिंत तेथें मुळांत नव्हतीच. घराच्या साऱ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला तो 'मी केवळ कुलपें दुरुस्त करणारा' म्हणूं लागला, तर त्याचें बोलणें खोटें नसलें तरी व्यर्थ असतें. कारण तो जेथें हात लावील तेथें कोणाचें तरी दार उघडतें आणि कोणाचें तरी मिटतें. मांत्रिकांवर शिव्यांचा वर्षाव होत राहिला, आणि आतां तर त्यांना उत्तर देण्याचाहि अधिकार उरला नव्हता. १९९६ च्या मे महिन्यांत त्यांनीं दुसरा जाहीरनामा काढला : साडेतीन वर्षांपूर्वीं घेतलेली दिशा चुकली; यंत्राचे व समाजाचे प्रश्न वेगळे करतां येत नाहींत; यापुढें आम्हांस योग्य वाटेल तेव्हां आम्हीं समाजाच्या बाबतींतहि निर्णय करूं. लोकसत्ता अशी एका पत्रानें गेली, जशी ती एका पत्रानेंच आली होती. बंड झालें नाहीं. ज्यांना रुचलें नाहीं त्यांनीं चडफडून लिहिलें, कांहीं निघून गेले, बाकीचे बागेंत जाऊन गप्पा मारूं लागले.

या शेवटावर आमचें मामाभाच्यांचें अजून एकमत झालेलें नाहीं. त्याला वाटतें, हाकोननें पहिल्यापासून राज्य करावयास हवें होतें आणि त्याचा हिशेब रयतेला द्यावयास हवा होता. मला वाटतें, ज्याचें यंत्र त्याची जमीन, हा करार मोडल्यावांचून कोणतेंहि मतदान खरें नव्हतें, आणि तो करार मोडण्याची इच्छा त्या नगरींत कोणालाच नव्हती, रयतेलाहि नव्हती. कारण झेरॉक्सच्या संगणकावर फुकट राहावयास मिळत होतें. तो म्हणतो, तुम्ही फार कठोर बोलतां, तीं माणसें खेळावयास आलीं होतीं. खरें आहे. पण खेळावयास आलेल्या त्या माणसांनीं, कोणीं सांगितलें नसतां, एका अनोळखी बाईच्या अपमानासाठीं सभा केली, कायद्याचा अर्थ शोधला, आणि निर्णय करतां आला नाहीं म्हणून त्यांना वाईट वाटलें. आज ज्या जागांवर कोट्यवधि लोक बोलतात तेथें तक्रार करावयाची म्हणजे एक कळ दाबावयाची. ती कोणाच्या पडद्यावर जाते, त्यानें काय विचार केला, त्याला झोंप लागली कीं नाहीं, हें कळण्याचा मार्ग नाहीं. लॅम्डामूमधील त्या मांत्रिकाचें नांव तरी सर्वांस ठाऊक होतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याला त्याच दिवाणखान्यांत यावें लागलें.

भाचा सुट्टी संपवून गेल्यावर एकदां मी एकटाच तेथें गेलों. कपाटांतून बाहेर येण्यास मला तीन प्रयत्न लागले, कारण मीं आज्ञा चुकीची लिहीत होतों. दिवाणखान्यांत कांहीं पात्रें होतीं, पण बहुतेक निजलेलीं. चालक यंत्रापासून दूर गेला म्हणजे त्याचें पात्र येथें निजतें. या दिवाणखान्यांत एक काकाकुवा असतो. ऐकलेलीं वाक्यें तो मधूनच बोलून दाखवितो, कोणाचीं, केव्हांचीं, याचा पत्ता नसतो. बराच वेळ तेथें कोणी बोललें नाहीं. मी पुस्तकांच्या कपाटाजवळ उभा राहिलों, म्हणजे तसें लिहिलें. मग एका निजलेल्या पात्राला जाग आली, त्यानें मला इंग्रजींत नमस्कार केला आणि विचारलें, आपण नवे काय? मीं होय म्हणून लिहिलें. त्यानें मला पोहण्याच्या तलावाकडे जाण्याची वाट सांगितली.